‘राग अनावर झाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

घरात हात उचलणाऱ्या माणसाला कारण विचारलं, की बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर येतं : राग अनावर झाला, मी माझा राहिलोच नाही. हे तो खोटं बोलत असतो असं नाही. त्याला ते मनापासून खरं वाटतं. पण त्याच दिवशी वरिष्ठांनी चारचौघांत पाणउतारा केला, तेव्हा हाच राग मुकाट्याने गिळला गेला होता. घराचं दार लागल्यावर तो सुटला, आणि मारही बसला तो कपड्याआड झाकला जाईल अशा जागी. अनावर झालेला राग इतका हिशेबी कसा?

अशा पुरुषांसोबत काम करणाऱ्यांना हा प्रश्न लवकरच पडला. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये १९७७ साली अशा पुरुषांना गटात बसवून बदलायला लावणारा ‘इमर्ज’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्याच मिनेसोटा राज्यातल्या डुलूथ शहरात एलन पेन्स, मायकेल पेमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पद्धत घडवली. मारहाण सोसलेल्या बायकांच्या बोलण्यातून त्यांनी एक चाक रेखाटलं. मधोमध सत्ता आणि नियंत्रण. आऱ्यांच्या जागी धमक्या, पैशावर ताबा, मैत्रिणी-नातलगांपासून तोडणं, मुलांना मध्ये ओढणं. मारहाण आहे ती बाहेरची धाव, सगळे आरे एकत्र आवळून धरणारी. नुसता राग आवरायला शिकवणं या मंडळींना अपुरं वाटलं ते यामुळेच. आधीच शांत डोक्याने धमकी देणाऱ्याला दहा आकडे मोजायला शिकवून काय साधणार?

म्हणजे रागाचा काही संबंधच नाही, असंही नाही. मानसशास्त्रज्ञांनी हिंसक आणि अहिंसक नवऱ्यांपुढे काही कल्पित प्रसंग ठेवून पाहिले. समजा, एखाद्या समारंभात बायको दुसऱ्या पुरुषाशी हसून बोलते आहे. असं का करत असेल ती? हिंसक पुरुषांच्या उत्तरांत ‘मुद्दाम’, ‘मला खिजवायला’ हा सूर अधिक आढळला. थोडक्यात, राग येण्याच्या आधी एक वाक्य मनात उमटून गेलेलं असतं, इतक्या झटकन की त्याचं त्यालाही ऐकू येत नाही. ते ऐकू यायला लागणं हे गटातलं पहिलं मोठं काम.

हे काम कसं चालतं? दहा-बारा जण गोल बसतात आणि एकेकाने आपला प्रसंग सांगायचा असतो, अगदी क्षणाक्षणाने. कुठे उभा होतास? ती काय म्हणाली? तुझ्या मनात काय आलं? मग हात कुठे गेला? आपली भाषा इथे पळवाटा काढून द्यायला फार तत्पर आहे. ‘हात उठला’, ‘तोंडातून गेलं’, ‘कप फुटला’. दोष कपाचा, हाताचा, तोंडाचा; माणूस वाक्यातून गायब. ‘मी मारलं’ हे दोन शब्द यायला काही जणांना आठवडे लागतात. आणि ते आले म्हणजे माणूस बदलला, असं अजिबात नाही. गटाची भाषा शिकून घेणारे हुशार लोकही असतात. वाद तापला की थोडा वेळ बाहेर जाऊन यायचं, हा साधा उपायसुद्धा काही जण हत्यारासारखा वापरतात : तिचं बोलणं सुरू झालं रे झालं, की दार आपटून बाहेर.

म्हणून बदल मोजायचा तर त्याच्या शब्दावर विसंबून चालत नाही. चांगल्या कार्यक्रमांत जोडीदाराशी बोलायला वेगळी व्यक्ती नेमलेली असते, आणि ती जे सांगते ते त्याच्या कानावर जात नाही. दोघांना एकत्र बसवून समुपदेशन करण्याची घाई धोक्याची ठरते तीही याचमुळे. तिथे खरं बोलल्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागू शकते.

आता आकडे, आणि ते सुरुवातीला निराश करतात. २००४ साली संशोधक ज्युलिया बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी अशा कार्यक्रमांवरचे २२ अभ्यास एकत्र तपासले. अटक व शिक्षा झालेल्या पुरुषाला शिवाय कार्यक्रमातही पाठवलं, तर पुन्हा हिंसा होण्याची शक्यता कमी झाली ती जेमतेम ५ टक्क्यांनी. मात्र त्याच लेखकांनी हिशेब मांडला, की अमेरिकेत नोंद होणाऱ्या सर्व प्रकरणांना हा फरक लावला तर वर्षाला सुमारे ४२,००० बायकांची मारहाण थांबते. मला हा आकडा क्षुल्लक वाटत नाही.

अर्ध्यातून सोडून जाणारे खूप, ही दुसरी अडचण. अशा माणसाला पहिल्याच दिवशी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, तर तो बचाव तयार करतो. ‘तुला कसला बाप व्हायचंय?’ असं विचारलं, तर निदान विचारात पडतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली एक नवी पद्धत याच दिशेने जाते. मनात आलेला विचार-भावना दाबायची नाही, तिच्या तालावर नाचायचंही नाही. आपल्याला महत्त्वाचं काय आहे ते ठरवून तसं वागायचं. न्यायालयाने पाठवलेल्या ३,४७४ पुरुषांच्या नोंदी तपासल्यावर २०१९ मध्ये दिसलं, की जुन्या पद्धतीच्या गटांपेक्षा या गटांतल्या पुरुषांवर पुढच्या वर्षभरात कमी गुन्हे दाखल झाले.

दारूचा उल्लेख टाळता येणार नाही. व्यसनावर उपचार झाल्यावर बऱ्याच घरांतली मारहाण खरोखर कमी होते. तरी दारू सुटली आणि पाळत मात्र चालूच राहिली, असंही घडतं.

ब्रिटनमधल्या अशाच कार्यक्रमांचा अभ्यास करणाऱ्या ‘प्रोजेक्ट मिराबल’ने २०१५ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. त्यात चपराक, ढकलणं, वस्तू फेकून मारणं हे सांगणाऱ्या बायकांचं प्रमाण कार्यक्रमापूर्वी ८७ टक्के होतं, वर्षभरानंतर ७. ही आधी-नंतरची तुलना आहे, सगळं श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही. त्याच अभ्यासात बायकांना विचारलं होतं, की तुमच्या लेखी यश म्हणजे काय. मार थांबणं तर हवंच होतं. पण मोकळेपणाने वागायला जागा, आदराने बोलणं, मुलांची निर्धास्त वाढ, हेही त्यांनी सांगितलं. नियंत्रणाच्या या बाजूला सुधारणा झाली ती मारहाणीच्या मानाने धिम्या गतीने. तो घरात येताना पावलं ओळखून ती फोनवरचं बोलणं अजूनही मध्येच तोडते का, हे पोलिसांच्या नोंदीत येत नाही. ते तिलाच विचारावं लागतं, तो गटात बसलेला असताना.