साथसंगत, संगीत नाटकातील

संगीत नाटकाच्या प्रयोगात नट गात असताना रंगमंचालगत बसून वादकांनी त्याच क्षणी केलेली वाद्यांची साथ म्हणजे साथसंगत. मराठी संगीत रंगभूमीवर ती प्रामुख्याने ऑर्गन आणि तबला या दोन वाद्यांची असते. नाटकाच्या गरजेनुसार सारंगी, व्हायोलिन, बासरी किंवा टाळ यांची जोड मिळते. ध्वनिमुद्रित साथीपासून वेगळी ओळखता यावी म्हणून अलीकडे तिला ‘जिवंत साथ’ म्हणतात. हे विशेषण नवे आहे, कारण दुसरा पर्यायच नव्हता तोवर त्याची गरज कोणाला भासली नव्हती. प्रस्तुत नोंदीत या साथीचे कार्य, तिचे मोल आणि नाशिकच्या संदर्भात तिची स्थिती यांचा विचार केला आहे.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हा पदे गाण्याचे काम सूत्रधार व त्याचे साथीदार करीत आणि पात्रे त्या पदांना अनुसरून अभिनय करीत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला आणि पात्रे स्वतःच गाऊ लागली. या बदलाचे श्रेय नटांना आणि नाटककाराला नेहमी दिले जाते. साथीदाराचे कामही त्याच दिवशी बदलले, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. त्याला आता चालत्या-बोलत्या, रडत्या-हसत्या माणसाच्या मागे जायचे होते. मैफलीतला गायक एका जागी बसतो आणि साथीदाराकडे पाहू शकतो. रंगमंचावरचा नट पाठमोरा होतो, दुसऱ्या पात्राशी भांडतो आणि त्यातूनच पदाला हात घालतो. अशा माणसाची साथ करण्याची कला ही मैफलीच्या साथीची शाखा असली, तरी तिचे शास्त्र तिने स्वतः घडवले आहे.

सुरुवातीच्या काळात साथीला सारंगी आणि तबला असे. पुढे पायपेटी आली आणि ऑर्गनने ती जागा पक्की केली. ऑर्गनचा भाता पायाने चालतो, त्यामुळे वादकाचे दोन्ही हात मोकळे राहतात. हार्मोनियममध्ये हवा रीडवर ढकलली जाते, तर ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते. म्हणून त्याचा स्वर गोल आणि घुमारदार लागतो. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात मागच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आणि तरीही नटाच्या आवाजावर कुरघोडी न करणारा असा स्वर मंडळींना हवा होता.

साथीदारांना मंडळीत मान होता. १९११ च्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे मूळचे हार्मोनियमवादक, आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली तेव्हा बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह तेही तिचे मालक होते. बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. स्वतंत्र वादनात अग्रगण्य ठरलेला तबलावादक नाटकाच्या पदाला ठेका धरून बसतो, ही गोष्ट त्या काळच्या रसिकांना कमीपणाची वाटली नाही, आणि ती तशी नव्हतीच. पुढच्या काळात गोविंदराव पटवर्धन यांनी ऑर्गनच्या साथीचा असा मानदंड निर्माण केला की नाट्यपदांची साथ म्हटले की आजही त्यांचेच नाव आधी घेतले जाते.

साथीचे खरे काम पदाच्या आधीच सुरू होते. नट संवादाचे अखेरचे वाक्य बोलत असतानाच ऑर्गनवादक हलक्या हाताने षड्ज, म्हणजे पदाचा आधारस्वर ‘सा’, धरून ठेवतो. प्रेक्षकाच्या कानावर तो पडतो, पण लक्षात येत नाही; नटाला मात्र स्वर शोधण्यासाठी थांबावे लागत नाही आणि बोलणे गाण्यात कधी वळले ते कळत नाही. संगीत नाटकातला हा सर्वांत नाजूक सांधा आहे. तो जुळला नाही तर पात्र नाहीसे होते आणि गायक उरतो. कोणत्या शब्दावर स्वर द्यायचा हे तालमीत ठरलेले असते, पण नट त्या रात्री वाक्य रेंगाळत बोलला, किंवा प्रेक्षकांतल्या हशामुळे थांबला, तर ऑर्गनवादकालाही तेवढेच थांबावे लागते. पद चालू असताना नट मध्येच दोन वाक्ये बोलतो, तेव्हा तबलजी ठेका दाबून वाजवतो, ऑर्गन एका स्वरावर विसावतो आणि मुखडा, म्हणजे पदाची पहिली ओळ, येताच दोघेही पुन्हा पूर्ण जोराने समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतात. या सगळ्यासाठी त्यांना नाटक पाठ असावे लागते. नुसती पदे पाठ असून भागत नाही.

दौऱ्यावरच्या नाटकात ही गरज आणखी उघडी पडते. सलग प्रयोगांनी नटाचा आवाज बसला, की तो विंगेतून साथीदारांना तसे सांगतो आणि काळी दोनमध्ये (पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या स्वरात) बसवलेले पद त्या रात्री त्याहून खालच्या काळी एकमध्ये होते. ऑर्गनवादकाला साऱ्या चालीची बोटे बदलावी लागतात आणि तबलजी खालच्या स्वराचा तबला पुढे ओढतो. तान आखडती घ्यावी लागली, तर ती जागा ऑर्गन भरून काढतो. आपल्या नायकाचा आवाज बसला होता हे कित्येकदा प्रेक्षकाला कळतही नाही, आणि त्याला ते कळू न देणे हीच साथीदाराची त्या रात्रीची मिळकत असते.

‘वन्समोअर’ची प्रथाही साथीच्या बळावरच टिकली. टाळ्यांच्या कडकडाटात नट पुन्हा त्याच पदाकडे वळतो, तेव्हा तो तेच पुन्हा गात नाही; एखाद्या ओळीत वेगळी जागा घेतो, आलाप वाढवतो किंवा लय किंचित चढवतो. नाट्यपदाची लांबी कागदावर लिहिलेली नसते. ती नटाचा गळा, प्रेक्षकांची दाद आणि साथीदारांचा कान यांच्यात त्या रात्री ठरते.

नाशिकचा या परंपरेशी संबंध जुना आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी येथील विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनचा वध केला, तेव्हा तेथे किर्लोस्कर मंडळीच्या ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता, राजकीय इतिहासाने जपलेल्या या तारखेमुळे शहरातील संगीत नाटकाच्या एका रात्रीचीही नोंद राहिली आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात पंचवटीत आश्रम स्थापून येथे वास्तव्य केले. स्वातंत्र्योत्तर काळात संगीत नाटकाला जे नवे रूप मिळाले, त्यातही नाशिकच्या दोन लेखकांचा वाटा मोठा आहे. हं. प्रा. ठा. महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ १९६४ साली आणि वि. वा. शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ १९६६ साली रंगमंचावर आले. दोन्ही नाटकांचे संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते. अभिषेकींनी पदांची संख्या आणि त्यांचा विस्तार आटोपता ठेवला, कारण रात्रभर चालणाऱ्या नाटकांचे दिवस संपले होते. तरी ऑर्गन आणि तबला त्यांनी रंगमंचाजवळून हलवला नाही. कानेटकरांच्याच ‘लेकुरे उदंड जाली’ (१९६६) मध्ये पात्रे बोलता बोलता गाण्यात शिरतात आणि तितक्याच सहज बाहेर येतात. असे लेखन साथीदारांच्या तत्परतेवर विसंबूनच शक्य होते.

शहरात आज शालिमार परिसरातील महाकवी कालिदास कलामंदिर आणि सार्वजनिक वाचनालयाचे परशुराम सायखेडकर नाट्यगृह या दोन वास्तू नाट्यप्रयोगांसाठी प्रामुख्याने वापरल्या जातात. संगीत नाटक असले की पहिल्या घंटेच्या अर्धा तास आधी तेथे एक ओळखीचे दृश्य दिसते. पडदा बंद असतो, खुर्च्या रिकाम्या असतात आणि ऑर्गनच्या एका धरलेल्या स्वराशी तबलजी हातोडीने गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकत तबल्याचे एकेक घर मिळवत असतो. ऑर्गनचा स्वर आयत्या वेळी हलवता येत नाही, म्हणून तबल्यालाच त्याच्याकडे जावे लागते. पावसाळी दमट हवेत पुडी (तबल्याचे कातडे) सैल पडून स्वर उतरतो, नाशिकच्या कोरड्या थंडीत तो चढतो आणि रंगमंचावरचे दिवे तापले की पहिल्या अंकात मिळवलेला तबला दुसऱ्या अंकाआधी पुन्हा मिळवावा लागतो. मध्यंतरात प्रेक्षक बटाटेवड्याच्या रांगेत असतात, तेव्हा हे काम पुन्हा चालू असते. नांदीचा पहिला स्वर सभागृहात भरून राहतो, त्यामागे ही मेहनत असते.

१९३१ साली बोलपट आला आणि नाटक मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा साथीदारांचा पगारी आश्रय गेला. त्यानंतर ते दर प्रयोगाच्या ‘नाइट’वर, म्हणजे प्रयोगागणिक मिळणाऱ्या मानधनावर, काम करू लागले. अलीकडच्या काळात पूर्वमुद्रित ‘ट्रॅक’ हा दुसरा आघात ठरला. त्यामागचे कारण खर्चाचे आहे आणि ते खोटे नाही. मुंबईहून नाशिकला येणाऱ्या संस्थेला प्रत्येक वादकाची नाइट, प्रवास, जेवण आणि मुक्काम यांची तरतूद करावी लागते. शिवाय ऑर्गन टेम्पोत चढवून कसारा घाटाच्या हादऱ्यांतून सुखरूप आणावा लागतो. त्याऐवजी लॅपटॉप पिशवीत मावतो. ट्रॅकवर तंतुवाद्यांचा मोठा ताफा आणि कोरसही घेता येतो, जो ऑर्गन-तबल्याला कधीच जमणार नाही, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु ट्रॅक वाट पाहत नाही. त्याची सुरावट सुरू झाली की नटाला ठरलेल्या सेकंदाला तोंड उघडावे लागते. अश्रू उशिरा आले तरी गाणे पुढे निघून जाते. काळी दोनचे काळी एक आयत्या वेळी होत नाही, आलाप लांबवता येत नाही आणि वन्समोअर मिळाला तर तेच मुद्रण पुन्हा लावावे लागते. तालमीपासून ट्रॅकवर गाणाऱ्या नटाला हळूहळू आलाप घेण्याचाच विसर पडतो, ही हानी प्रस्तुत लेखकाला सर्वांत गंभीर वाटते. नाट्यपदाचे तयार गाणे होते आणि त्याबरोबर त्या रात्रीचा प्रेक्षकही पदातून वगळला जातो.

हा झगडा जगभर चालला आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मोठ्या नाट्यगृहांत किमान २४ ते २६ वादक असावेत असा करार होता. निर्मात्यांनी ही अट काढण्याचा आग्रह धरून संगणकचलित वाद्यवृंदाची तयारी केली, तेव्हा मार्च २००३ मध्ये वादकांनी संप पुकारला. नट आणि रंगमंच कामगार त्यांच्या बाजूने उभे राहिले, चार दिवस बहुतेक संगीतिका बंद पडल्या आणि अखेर हा आकडा १८-१९ वर आला. लंडनमध्ये दीर्घकाळ चालू असलेल्या ‘फँटम ऑफ द ऑपेरा’चा २७ जणांचा वाद्यवृंद २०२१ च्या पुनरारंभी १४ वर आणला गेला. तेथील वाद्यवृंद छापील स्वरलेखन वाजवतो आणि संचालकाच्या हाताकडे पाहून नटाला सांभाळून घेतो. वादक घटले की नादाचा भरणा आणि रंग कमी होतो, पण पदाचा आराखडा शाबूत राहतो. मराठी संगीत नाटकात मुळात मुख्य वादक दोनच असतात. ते गेले तर पद उलगडण्याची रीतच जाते, त्यामुळे येथील तोटा आकड्याने लहान दिसला तरी स्वरूपाने अधिक खोल आहे.

नाशिकच्याच प्राजक्त देशमुख यांच्या ‘संगीत देवबाभळी’ने (२०१७) रंगमंचावर प्रत्यक्ष गाणाऱ्या दोन अभिनेत्रींच्या बळावर तरुण प्रेक्षक संगीत नाटकाकडे वळवला. समोर उभे राहून गाणाऱ्या माणसाची ओढ ओसरलेली नाही, हे त्यातून दिसले. आता उणीव आहे ती साथीदारांच्या तयारीची. तबल्याचे वर्ग शहरात पुष्कळ आहेत, पण तेथील विद्यार्थी परीक्षेसाठी कायदे-रेले, म्हणजे स्वतंत्र तबलावादनाच्या रचना, तयार करतात. संवादाखाली ठेका दाबून वाजवणे आणि मुखड्याला उचलून घेणे त्यांना नाटकाच्या तालमीतच शिकता येते. ऑर्गनची अडचण याहून मोठी आहे. जुनी वाद्ये थोडी उरली आहेत, त्यांचे भाते चिरतात, रीड बेसूर होतात आणि ते दुरुस्त करणारे कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यामुळे अनेक हौशी संस्था ऑर्गनच्या आवाजाचा कीबोर्ड वापरतात. भात्याचा दाब पायाने कमी-अधिक करून मिळणारा चढउतार त्यात येत नाही, पण तो वाजवणारा माणूस नटाकडे पाहत असतो आणि नट थांबला की तोही थांबतो.