रेकॉर्डिंग तुटते ते जागेअभावी नव्हे

लॅपटॉपमधल्या एकाच हार्ड डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग केले आणि रेकॉर्डिंग डी ड्राइव्हवर ठेवले, की विंडोजच्या कामाचा त्यात व्यत्यय येत नाही, असा एक समज कोल्हापुरात मैफली, भजने आणि शाहिरी कार्यक्रम मुद्रित करणाऱ्या हौशी मंडळींत पक्का बसलेला आहे. डिस्क अर्धी रिकामी असतानाही ऐन द्रुत तानेच्या वेळी सॉफ्टवेअर थांबते, तेव्हा दोष लॅपटॉपच्या वयावर किंवा केबलवर ढकलला जातो. ज्या शहरात उस्ताद अल्लादिया खाँ यांची गायकी दरबारात वाढली, तिथे तरी गेलेली तान परत येत नाही हे वेगळे सांगावे लागू नये. म्हणूनच खरे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

आधी हिशेब पाहू. एका मायक्रोफोनचा आवाज सेकंदाला 48,000 वेळा मोजला आणि प्रत्येक मोजमाप 24 बिटांत, म्हणजे 3 बाइटमध्ये लिहिले, तर सेकंदाला 1,44,000 बाइट होतात. सोळा ट्रॅकचे, म्हणजे सोळा मायक्रोफोनचे, मिळून सुमारे 2.3 मेगाबाइट आणि तीन तासांचे जवळजवळ 25 गिगाबाइट. लॅपटॉपची साधी फिरती डिस्क सलग लिहिताना सेकंदाला 100 मेगाबाइटच्या आसपास सहज लिहिते. क्षमता गरजेच्या चाळीसपट असताना रेकॉर्डिंग तुटते कसे?

याचे उत्तर ‘सलग’ या अटीत आहे. डिस्कची तबकडी मिनिटाला 5,400 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद लागतात. लिहिणारे हेड एका मागावरून, म्हणजे तबकडीवरच्या गोल रेघेवरून, दुसऱ्या मागावर सरकण्यास सरासरी 12 मिलिसेकंद घेते. तिथे पोहोचल्यावर हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. एका उडीचे हे अठरा मिलिसेकंद धरले, तर सेकंदात जेमतेम 55 उड्या होतात. आता सोळा ट्रॅकच्या सोळा वेगळ्या फाइली असतील आणि सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी फक्त चार किलोबाइट लिहीत असेल, तर सेकंदाला सुमारे 560 वेळा लिहावे लागेल, आणि प्रत्येक वेळी उडी पडली तर ते अशक्य आहे. तोच तुकडा 256 किलोबाइटचा केला, की सेकंदाला नऊ उड्या पुरतात आणि सगळे लिखाण एका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात आटोपते. उसाच्या मळ्यात दारे धरणारा माणूस एकेका सरीला पुरेसे पाणी न देता सारखी दारे मोडत राहिला, तर पाटात पाणी भरपूर असूनही ऊस वाळतो, तसाच हा प्रकार आहे. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर आणि विंडोज दोघेही माहिती मेमरीत साठवून मोठ्या तुकड्यांनी लिहितात. परंतु त्याच वेळी अपडेट किंवा अँटिव्हायरस डिस्क चाळू लागला, की उड्या वाढतात, मेमरीतली साठवण भरते आणि रेकॉर्डिंग तुटते.

डी ड्राइव्हचा समज इथेच कोसळतो. भाग दोन केले तरी हेडांना हलवणारा दांडा एकच असतो, आणि आता त्याला दोन भागांमध्ये लांबच्या खेपा घालाव्या लागतात. शिवाय डिस्कवरच्या जागांचे क्रमांक बहुधा बाहेरच्या कडेपासून सुरू होतात. डी आतल्या बाजूला पडतो, जिथे घेर लहान असल्याने लिहिण्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. खरा उपाय म्हणजे रेकॉर्डिंगसाठी स्वतंत्र डिस्क, आणि शक्य असेल तर एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, कारण तिच्यात सरकणारे हेडच नाही. मात्र तीही काठोकाठ भरू नये. माझ्या मते पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवावा.

‘खास ऑडिओसाठी’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या एसएसडीने आवाज गोड होतो, या जाहिरातीवर मात्र विश्वास ठेवू नये. डिस्कवर आकडे साठतात आणि तेच आकडे परत येतात. माणसाला ऐकू येणारा आवाज सुमारे 20 किलोहर्ट्झपर्यंतचा आहे, तो 48 किलोहर्ट्झच्या नमुन्यांत पूर्ण मावतो. 96 घेतल्यास डिस्कवरचा भार मात्र दुप्पट होतो.

फाइलीच्या आकाराकडेही लक्ष असावे. आवाज साठवणाऱ्या साध्या वेव्ह (WAV) फाइलीची मर्यादा चार गिगाबाइट आहे. सोळा ट्रॅक एकाच फाइलीत भरले, तर ती सुमारे 31 मिनिटांत गाठली जाते; वेगवेगळ्या फाइलींना मात्र आठ तास मिळतात. एफएटी 32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवरही प्रत्येक फाइलीला हीच मर्यादा असते, म्हणून विंडोजवर एनटीएफएस निवडावी.

फिरती डिस्कच वापरायची असेल, तर ती स्पीकरपासून आणि रंगमंचाच्या लाकडी फळ्यांपासून दूर ठेवावी. हेड तबकडीवर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते आणि माग सुमारे शंभर नॅनोमीटर रुंदीचे असतात. 2016 मध्ये बुखारेस्टमधल्या आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेच्या चाचणीत झालेल्या मोठ्या आवाजाने हार्ड डिस्क निकामी झाल्या होत्या. हलगी-घुमक्याच्या कार्यक्रमात तेवढा आवाज होत नसला, तरी सबवूफरच्या धक्क्याने हेड मागावरून ढळले, की तोच तुकडा पुन्हा लिहिण्यासाठी डिस्कला आणखी एक पूर्ण फेरा, म्हणजे 11 मिलिसेकंद, थांबावे लागते.