‘सध्या काही करायला नको’: एका वाक्याच्या आड दोन योजना

प्रोस्टेटचा कॅन्सर निघतो आणि डॉक्टर म्हणतात, “सध्या काही करायला नको, लक्ष ठेवू.” घरी आल्यावर मात्र लक्ष ठेवायचं म्हणजे काय, ते कुणालाच धड सांगता येत नाही. ते वाक्य अ‍ॅक्टिव्ह सर्व्हेलन्सबद्दल असू शकतं, नाहीतर वॉचफुल वेटिंगबद्दल. मराठीत दोन्हींना सरसकट ‘निरीक्षण’ म्हटलं जातं आणि घोळ तिथेच होतो.

फरक हेतूचा आहे. अ‍ॅक्टिव्ह सर्व्हेलन्समध्ये आजार पुरता बरा करायचा इरादा शाबूत असतो. शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन फक्त गरज पडेपर्यंत लांबवलेलं असतं. हे मुख्यतः कमी जोखमीच्या कॅन्सरसाठी: ग्लीसन स्कोअर (बायोप्सीत, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्यात, पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा आकडा) ६, पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन) १० च्या आत, गाठ प्रोस्टेटपुरतीच. वॉचफुल वेटिंगमध्ये तो इरादाच नसतो. वय झालेलं, हृदय आधीच थकलेलं, पुढची दहा वर्षं हाताशी असण्याची शक्यता कमी. अशा माणसाला कॅन्सरपेक्षा उपचारच जास्त छळतील. म्हणून लघवी अडली किंवा हाडं दुखू लागली की त्यापुरता इलाज करायचा, बरेचदा हार्मोनचा.

जगण्यावर याचा परिणाम अगदी वेगवेगळा होतो. सर्व्हेलन्सवरच्या माणसाला दर तीन ते सहा महिन्यांनी पीएसए, मधूनमधून एमआरआय आणि ठरावीक काळाने पुन्हा बायोप्सी. बायोप्सीनंतर काही दिवस लघवीत आणि पुढे काही आठवडे वीर्यात रक्त दिसू शकतं. हे आधी कुणी सांगितलं नसेल तर गडी हादरतोच. वॉचफुल वेटिंगमध्ये तपासण्या मोजक्याच, आणि बायोप्सीचा फेरा सहसा नसतो.

खरा जाच असतो तो रिपोर्टच्या आदल्या रात्रीचा. पीएसए ५.१ चा ५.८ झाला की झोप उडते, पण लघवीतल्या जंतुसंसर्गाने किंवा नुकत्याच झालेल्या वीर्यपतनानेही तो वाढतो. एका आकड्यावर कुणी ऑपरेशनची घाई करत असेल, तर आधी तपासणी पुन्हा करून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

ही टांगती तलवार सोसण्यात अर्थ आहे का? ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासात १,६४३ पुरुषांची देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी झाली. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचे निष्कर्ष आले: तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले सुमारे २ ते ३ टक्के. सहा महिन्यांनंतर लघवी गळते म्हणून पॅड वापरणारे शस्त्रक्रियेच्या गटात ४६ टक्के होते, देखरेखीच्या गटात ४ टक्के. लैंगिक ताठरतेवरही शस्त्रक्रियेचा घाव सर्वांत मोठा होता. आणि चिंता-नैराश्यात तिन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही, जे मलाही अनपेक्षित होतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. देखरेखीच्या गटात ९.४ टक्के पुरुषांमध्ये कॅन्सर दूर पसरला, शस्त्रक्रियेच्या गटात ४.७ टक्के. शिवाय त्यातले सगळेच कमी जोखमीचे नव्हते, आणि तिथली देखरेख बरीचशी पीएसएवर चालत होती, आजच्याइतकी काटेकोर नव्हती. पंधरा वर्षांत देखरेखीतल्या ६१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी उपचार घेतलेच. तेव्हा ‘लक्ष ठेवू’ म्हणजे ‘सुटलो’ नव्हे.

एका योजनेतून दुसरीत जाणंही होतं, आणि ते बहुधा कुणी बोलून दाखवत नाही. सर्व्हेलन्सवर असलेले आजोबा ७९ वर्षांचे होतात, मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन जातो आणि डॉक्टर बायोप्सी थांबवतात. घरच्यांना वाटतं, आता आशा सोडली. खरं तर त्यांची योजना बदललेली असते: हा कॅन्सर त्यांना गाठण्याची शक्यता आता इतकी कमी, की सुया टोचत बसण्यात मतलब उरलेला नसतो. हे डॉक्टरांनी तोंडाने सांगायला हवं. सांगितलं नाही तर तुम्ही विचारा: “आता आपण बरं करायच्या तयारीने पाहतोय, की त्रास झाला तरच इलाज करायचा?”