राक्षसवंशीय पात्रे, भूमिकाखेळातील

राक्षसवंशीय पात्रे, भूमिकाखेळातील : ज्यांच्या कुळात असुर, राक्षस किंवा तत्सम अमानुष शक्तीचा अंश आहे, अशी खेळाडूने वठवायची पात्रे. फासे आणि नियमपुस्तक घेऊन खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेममध्ये त्यांना बहुधा स्वतंत्र वंशाचा दर्जा असतो. स्वॉर्ड अँड सॉर्सरी (तलवारबाजी आणि जादूटोणा यांच्या साहसकथा) या उपप्रकारात, त्यातही विदर्भाच्या ग्रामीण भागात घडणारे कथानक रचताना, या वंशात जे फेरफार करावे लागतात त्यांचा विचार येथे केला आहे.

या खेळप्रकाराचा आरंभ सामान्यतः १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सपासून धरतात. त्यात ‘राक्षस’ १९७५ मध्ये दाखल झाला, पण निव्वळ शत्रू म्हणून. त्याची प्रेरणा महाकाव्यांपेक्षा एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतून आली असे खेळाच्या कर्त्याच्याच सांगण्यावरून मानले जाते. त्याचे वाघमुखी रूप खेळाच्या १९७७ च्या प्राणिसूचीतील चित्रामुळे रूढ झाले. खेळाडूला घेता येईल असा राक्षसी अंशाचा वंश, टीफलिंग, १९९४ साली आला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तो मुख्य नियमपुस्तकात गेला आणि शिंगे, शेपटी व सैतानाशी करार केलेल्या पूर्वजांची कथा सर्वांनाच सरसकट लागू झाली. ही कल्पना ख्रिस्ती नरकलोकाच्या चौकटीतली आहे. ती विदर्भात जशीच्या तशी आणली, तर शिंगांखेरीज हाती फारसे काही लागत नाही.

स्वॉर्ड अँड सॉर्सरी हे नाव १९६१ मध्ये अमेरिकन लेखक फ्रिट्झ लायबर यांनी सुचवले. या प्रकारात जगाचे रक्षण करणारा नायक नसतो. जादू दुर्मीळ, महागडी आणि संशयास्पद असते. त्यामुळे जन्मजात मंत्र आणि अंधारात पाहण्याची शक्ती हे टीफलिंगचे दोन्ही गुण येथे अडचणीचे ठरतात. मशाल लागतच नसेल, तर भुयारात उतरण्याची भीती उरत नाही.

विदर्भातील सामग्रीत सर्वांत उपयुक्त ठरते ती बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराची कथा. लवणासुर भूमिगत गुहेत राहून प्रदेश छळत असे. विष्णूने देखणा तरुण होऊन त्याच्या दोन बहिणींना भुलवले, त्यांच्याकडून गुहेचा ठाव काढला, पायाच्या अंगठ्याने गुहेचे झाकण उडवले आणि असुराला मारले. सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त आणि क्षार हे त्याचे कुजलेले मांस, असे परंपरा सांगते. गावातील दैत्यसूदन मंदिर याच प्रसंगाशी जोडलेले आहे. त्याचा काळ साधारणपणे बारावे-तेरावे शतक मानला जातो. या लवणासुराची रामायणाच्या उत्तरकांडातील लवणाशी गल्लत करू नये. तो मधुवनातला, म्हणजे मथुरेकडचा, आणि त्याचा वध शत्रुघ्नाने केला. दोन्ही कथांचे मूळ एक असावे असे सुचवता येईल. तथापि स्थळ, मारणारा आणि वधाची रीत यांतले काहीच जुळत नसल्याने त्या वेगळ्या धरणेच बरे. हे सरोवर ज्या विवरात आहे, त्याच्या वयाविषयीही मतभेद आहेत. सुमारे १.८ किमी. व्यासाचे हे विवर बेसाल्ट खडकात उल्कापाताने झाले याबद्दल आता वाद नाही. थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने त्याचे वय सुमारे ५२,००० वर्षे आले होते, तर आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५,७०,००० वर्षे येते. अलीकडे कल दुसऱ्या आकड्याकडे दिसतो. कथानक रचणाऱ्याला दोन्ही आकडे सारखेच सोयीचे, कारण कोणताही घेतला तरी खड्डा आधीचा आणि असुर नंतरचा.

या कथेत असुराचे रक्त वंशात नव्हे, पाण्यात उतरले आहे. त्यामुळे राक्षसी अंश जन्माने न देता त्या पाण्याशी आणि क्षाराशी आलेल्या संबंधाने द्यावा, हा पर्याय अधिक पटणारा वाटतो. तळ्याकाठी पिढ्यान्‌पिढ्या मीठ काढणारे घराणे, किंवा बहिणींच्या फितुरीचा ठपका वाहणारे गाव, अशी पात्रे त्यातून सहज मिळतात. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे तपासणीत आढळले, पण खेळात ही खूण वापरायला हरकत नाही. ‘पोट्टेहो, दिवेलागणीले तळ्याकडं जाऊ नका’ असे म्हाताऱ्याच्या तोंडी एक वाक्य घातले की पुढचे काम खेळाडू स्वतःच करतात.

जन्माने आलेला अंश हवाच असेल तर आधार महाभारताचा घ्यावा. भीम व हिडिंबा यांचा मुलगा घटोत्कच हा या वर्गातील सर्वांत ठळक नमुना. राक्षस स्त्रिया गर्भ धारण करताच प्रसूत होतात, राक्षस हवे ते रूप घेतात, रात्री त्यांचे बळ वाढते, आणि काम पडेल तेव्हा हजर होईन असे घटोत्कच पित्याला वचन देतो. यांतील बळाचा नियम फाशांत सहज बसतो : सूर्यास्तानंतर अंगबळाच्या फेकीवर अधिक, उजाडल्यावर उणे. वचनाचा नियम त्याहून महत्त्वाचा. हाक आल्यावर जावेच लागते, आणि हाक मारणारा आप्त आपल्या जिवाची पर्वा करीलच असे नाही. कर्णाची अमोघ शक्ती खर्ची पडावी म्हणून घटोत्कचाला पुढे केले गेले. मेळघाटात चिखलदऱ्याशी भीम व कीचक यांची कथा जोडतात आणि जवळच्या वैराट या ठिकाणाला विराटनगर मानतात. अभ्यासकांचा कल मात्र विराटाचे मत्स्यराज्य राजस्थानात मानण्याकडे आहे.

रावणाच्या बाबतीत सावधगिरी हवी. अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यातील सांगोळा येथे रावणाच्या पाषाणमूर्तीची पूजा होते. गडचिरोलीकडील गोंडांमध्येही रावणाला मान आहे. मेळघाटातील कोरकू जमातीची उत्पत्तिकथा मध्य प्रांतातील जाती-जमातींचे अभ्यासक रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये नोंदवली आहे. तीत सातपुडा निर्मनुष्य पाहून रावणच महादेवाला तेथे वस्ती करण्याची विनंती करतो, आणि महादेव वारुळाच्या तांबड्या मातीतून मुला व मुलाई हे पहिले जोडपे घडवतो. हिरालाल यांनी लंका अमरकंटकजवळ असल्याचे मत मांडले होते. ते फारसे मान्य झाले नाही. पुरातत्त्वज्ञ सांकलियांनीही लंका मध्य प्रदेशातच शोधली, पण वेगळ्या जागी. अशा मतांतून निघणारा, राक्षस म्हणजे अरण्यवासी समाज, हा अर्थ अभ्यासात चर्चेला ठीक आहे. पण खेळात तो वापरला की शेजारच्या पाड्यावरचा जिवंत माणूस ‘राक्षसवंशीय’ ठरतो. म्हणून कोणत्याही जमातीचे नाव, बोली वा देव वंशाच्या वर्णनात आणू नये, आणि चांगले-वाईट असे जन्मजात वळणही देऊ नये. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२४ च्या नियमपुस्तकानेही ‘रेस’ हा शब्द टाकून ‘स्पीशीज’ स्वीकारला आहे.

मांत्रिक शत्रूसाठी भवभूतीच्या मालतीमाधव या संस्कृत नाटकातील स्मशानाचा अंक आणि अघोरघंट कापालिक पुरेसा आहे. भवभूती स्वतः विदर्भातील पद्मपूरचा. संशोधक मिराशींनी हे गाव गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे मानले आहे.

नियमपुस्तके इंग्रजीत आणि खेळ वऱ्हाडीत वा झाडीबोलीत, अशी सरमिसळ अपरिहार्य असते. बहुबाजू फासे हाताशी नसल्यास मोबाइलवरील अ‍ॅप चालते. कथानकाला ठरलेली तिथी हवी असल्यास पोळ्याचा दुसरा दिवस, मारबतीचा, सोयीचा आहे. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत पहाटे गावातील पीडा शिवेबाहेर नेतात. राक्षसी अंशाच्या पात्राने त्या दिवशी शिवेच्या आत राहायचे की नाही, याची फेक गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, उघड्यावर टाकावी.