खुणा जुळत नाहीत, तरी टायमिंग बरोबर

न्हावा-शेवा बंदराच्या फेऱ्या करणारे कंटेनर ट्रेलर दुरुस्तीसाठी कळंबोलीच्या आसपास लागतात. गाडी सकाळी लवकर स्टार्ट होत नाही, पांढरा धूर सोडते, चढावर ओढत नाही. कोणीतरी म्हणतं, ‘टायमिंग उडालं’, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची किंवा इंधन फवारण्याची वेळ चुकली. टायमिंग कव्हर खोलून टॉर्च मारला, तर गिअरवरच्या पंचाच्या खुणा एकमेकींसमोर नसतात. झालं, निदान पक्कं! गिअर उतरतात, खुणा जुळवून पुन्हा बसतात, मालकाचे दिवस आणि मजुरी जाते, आणि धूर तसाच राहतो. या गैरसमजापायी चांगली इंजिनं विनाकारण खोलली जातात, म्हणून हा लेख.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्या शाफ्टला फिरवतात त्याचे, दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी (इनलेट) किंवा धूर बाहेर सोडणारी (एक्झॉस्ट) झडप, एकदा उघडून बंद होतो. म्हणून व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट, म्हणजे कॅम, क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरला पाहिजे, म्हणजेच कॅम गिअरला दुप्पट दात हवेत. बऱ्याच कारमध्ये हे काम बेल्ट किंवा चेन करते. बेल्ट सैल पडला की दात सोडून सरकू शकतो. ट्रकच्या मोठ्या डिझेल इंजिनात मात्र बहुधा पोलादी गिअरच असतात. दातात दात अडकलेला असताना दात मोडल्याशिवाय गिअर पुढच्या खाचेत जाऊच शकत नाही. टायमिंग बिघडण्याच्या वाटा मोजक्याच: जोडतानाच चूक झाली, दात मोडले, किंवा गिअर शाफ्टला जखडणारी चावी (की) तुटून वा बोल्ट ढिले होऊन गिअर आपल्या शाफ्टवरच फिरला.

मग खुणा का जुळत नाहीत? कारण क्रँक आणि कॅम यांच्यामध्ये आयडलर, म्हणजे नुसती गती पुढे पोचवणारा मधला गिअर असतो. त्याचं गणित मला फार आवडतं. उदाहरणादाखल क्रँकला ३६ दात, कॅमला ७२ आणि मधल्या आयडलरला ४७ धरू. क्रँकचा एक दात आयडलरचा एक दात ढकलतो, आयडलरचा एक दात कॅमचा एक दात ढकलतो. आयडलरला ४७ दात असोत की ५३, क्रँक-कॅमचं प्रमाण दोनास एकच राहतं.

पण ४७ हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. ही मूळ संख्या आहे, तिला ३६ शी किंवा ७२ शी सामाईक अवयव नाही. आयडलरला ४८ दात दिले असते, तर क्रँकचा ठरावीक दात आयडलरच्या ठरावीक चारच दातांना भेटत राहिला असता आणि एका दाताची खोड त्याच चौघांना घासत बसली असती. ४७ मुळे प्रत्येक दात समोरच्या प्रत्येक दाताला भेटतो, झीज सगळ्यांत वाटली जाते. त्याची किंमत म्हणजे खुणांची भेट दुर्मीळ होते. ३६, ४७ आणि ७२ यांचा लसावि ३३८४. एवढे दात सरकल्यावर तिन्ही गिअर मूळ जागी येतात: क्रँकचे ९४ फेरे, आयडलरचे ७२, कॅमचे ४७. इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालत असेल तर हे दर ९.४ सेकंदांनी घडतं. बंद इंजिनाचा पहिला पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वर, आणून बघितलं तर ९४ पैकी एकाच वेळी सगळ्या खुणा समोरासमोर दिसतील. खुणा जोडणीसाठी आहेत. एकदा इंजिन फिरलं की नुसत्या खुणा बघून काहीच ठरत नाही.

खरी तपासणी व्हॉल्व्हवर करायची. सहा सिलिंडरच्या इंजिनात पहिला आणि सहावा पिस्टन बरोबरच वर येतात. एक कॉम्प्रेशनला असतो तेव्हा दुसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आणि इनलेट उघडत असतो. टॅपेट गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांतली फट, आधी नीट लावून ठेवायची, आणि अशा वेळी डायल गेजने (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकाने) या दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह किती दबला ते मोजायचं आणि इंजिनाच्या मॅन्युअलशी ताडायचं. आमच्या उदाहरणात एक दात चुकला तर कॅम ५ अंशांनी, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने १० अंशांनी सरकतो. कॅम पुढे गेला असेल तर टीडीसीला इनलेट जास्त दबलेला आणि एक्झॉस्ट कमी दबलेला मिळतो, मागे असेल तर उलट. हा फरक गेजवर लपत नाही.

यात नेमकी टीडीसी सापडणं सगळ्यात अवघड. झोपाळा टोकाला थबकतो तसा पिस्टन वर पोचल्यावर जवळजवळ हलत नाही. १२० मिमी स्ट्रोकच्या इंजिनात टीडीसीपासून क्रँक १ अंश फिरला तर पिस्टन सुमारे ०.०१२ मिमी उतरतो, १० अंशांना सव्वा मिमीच्या आत. म्हणून वर थांबल्यासारखं वाटलं म्हणजे टीडीसी, असं मानू नये. अलीकडे आणि पलीकडे पिस्टन सारख्याच खोलीवर असताना फ्लायव्हीलवर, म्हणजे क्रँकच्या टोकाच्या जड चाकावर, दोन खुणा करायच्या, त्यांचा मध्य म्हणजे टीडीसी. आणि व्हॉल्व्हचं माप घेताना इंजिन चालण्याच्या दिशेनेच फिरवत त्या खुणेवर आणायचं. पुढे गेलं तर बरंच मागे नेऊन परत आणायचं, नाहीतर दातांमधली फट, म्हणजे बॅकलॅश, मापात शिरते.

‘टायमिंग जरा ॲडव्हान्स केलं की ॲव्हरेज वाढतं’ हा सल्लाही सर्रास दिला जातो. इथे टायमिंग म्हणजे इंधन फवारण्याची वेळ, आणि ॲडव्हान्स म्हणजे ती आधी आणणं. मर्यादेपलीकडे इंधन आधी फवारलं तर पिस्टन अजून वर येत असतानाच दाब चढतो, इंजिन ठोकतं, हेड गॅस्केट आणि बेअरिंगवर ताण येतो. कंपनीचा आकडा चाचण्यांमधून आलेला असतो, त्याला ऐकीव सल्ल्यावर हात लावू नये.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत इंधन कधी फवारायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो, पण व्हॉल्व्ह अजूनही कॅमच उघडतो. क्रँक आणि कॅमचे सेन्सर जुळत नसतील तर स्कॅनर कोड दाखवतो. तो कोड सैल सेन्सर किंवा खराब वायरिंगमुळेही येतो, म्हणून तिथेही डायल गेज लावल्याशिवाय गिअर खोलू नयेत. जुन्या इंजिनात व्हॉल्व्हचं माप बरोबर आलं आणि पांढरा धूर कायम असेल, तर आधी इंधन फवारणाऱ्या पंपाचं टायमिंग आणि त्याच्या कपलिंगचे बोल्ट बघावेत, मग नोझल, मग कॉम्प्रेशन.