पक्ष्याच्या पायातली चिठ्ठी

नाशिककडच्या पोराला कावळा-चिमणीनंतर जो पक्षी कळतो तो जटायू. इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला आजी-आजोबांबरोबर एकदा तरी जाणं होतंच. रावणाशी लढताना पंख तुटलेला जटायू इथे पडला, ही गोष्ट तिथल्या कुंडापाशी उभं राहून ऐकायची. पंचवटीत सीतागुंफेच्या रांगेत सोन्याच्या हरणाची. म्हणजे आमच्याकडे घराघरांत प्राणी आहेत, पण गोष्टीतले. जटायूची गोष्ट तोंडपाठ असलेल्या पोरांपैकी बहुतेकांनी खरं गिधाड पाहिलेलं नसतं.

संग्रहालयांचं म्हणाल तर नाशिकला ती कमी नाहीत. सरकारवाड्यात पुरातत्त्व, अंजनेरीला नाणी, नाशिकरोडकडे तोफा. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तर सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत वाढलेले स्फटिक आहेत, हिरवे, गुलाबी, दुधाळ. कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तिथे गेलेली पोरं पायाखालच्या खडीकडे काही दिवस तरी वेगळ्या नजरेनं बघतात, हे मी पाहिलंय. पण दगड, नाणी, तोफा या जागच्या हलत नाहीत. हलणाऱ्या, उडणाऱ्या, रात्री उसात शिरणाऱ्या शेजाऱ्यांची ओळख घरच्या लहानग्यांना करून द्यायची, ही कल्पना कुठून आली ते बघायला थोडं मुंबईला जावं लागतं.

साल १८८३. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक जिल्ह्याचा सोळावा खंड त्या वर्षी निघाला. हे खंड कारभारासाठी लिहिलेले. जंगली जनावर त्यांत यायचं ते शिकारीच्या नाहीतर नुकसानीच्या खात्यात. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही निसर्ग अभ्यासणाऱ्यांची संस्था सुरू झाली. आठांत दोन मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग. दुसरे वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन, ज्यांच्या सावत्र मुलीवर, रखमाबाईवर, पुढे नवऱ्याने नांदायला यावं म्हणून दावा लावला आणि बालपणी लावून दिलेलं लग्न मानायला तिने कोर्टात नकार दिला. हे दोघं या इतिहासात नेहमी एका ओळीत उरकले जातात. मीही तेच करतेय.

सोसायटीला जागा नव्हती. फिप्सन नावाच्या गृहस्थांचं दारूचं दुकान होतं, तिथे संग्रह हलला. बाटल्यांच्या शेजारी साप, कवट्या, अंडी आणि पक्ष्यांची कातडी. सोबत एक जिवंत धनेशही होता, विल्यम नावाचा. सोसायटीच्या बोधचिन्हात आज धनेश आहे तो त्याच्यामुळेच.

त्या काळात पक्षी ओळखणं म्हणजे आधी तो मारणं. कातडी अलगद सोलायची, किडा लागू नये म्हणून आतून सोमल (आर्सेनिक) चोळायचा, कापूस भरून पोटावर टाके घालायचे आणि एकावर एक ठेवलेल्या पायांना दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. कुठे, कधी, कुणी मारला, एवढंच तिच्यावर. पाहणाऱ्याला ती चिठ्ठी कंटाळवाणी वाटते. पण ती गेली की हातात उरतो नुसता कापूस आणि पिसं.

ती खोटी असली तर काय होतं, याची गोष्ट आपल्या शेजारच्या खानदेशातच घडली. रानपिंगळा हे छोटं घुबड. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे मोजकेच नमुने, त्यांतले काही जेम्स डेव्हिडसन या खानदेशात नोकरी केलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने मिळवलेले. शेवटचा १८८४ चा. पुढे रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित कर्नलने १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवीला आपल्याला एक मिळाल्याचं सांगितलं. चिठ्ठीही तशीच होती. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध घेणाऱ्यांच्या हाती काही लागेना. रानपिंगळा संपला असं धरलं गेलं. नव्वदीच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी कर्नलसाहेबांचे नमुने बारकाईने तपासले, तर हा पक्षी संग्रहालयातूनच उचललेला निघाला. डेव्हिडसनचाच पक्षी, उसवून नव्याने भरलेला आणि पायाला नवी चिठ्ठी बांधलेला. मग मांडवी वगळून उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागावर मंडळी निघाली आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, एका बोडक्या झाडावर सकाळच्या उन्हात रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. पुढे २०१४ मध्ये तो थेट तानसा अभयारण्यात, कसारा घाटाखालच्या पट्ट्यात सापडला. आपल्याकडच्या साध्या सागाच्या रानातला हा पक्षी, आणि त्याचा पत्ता एका चोराने कित्येक वर्षं चुकवला.

लोकांना, त्यातही बाळगोपाळांना संग्रह दाखवायचा, हा विचार रुजला तो मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम १९२२ साली उघडल्यावर. तिथला निसर्ग विभाग सोसायटीच्या संग्रहावर उभा राहिला. प्राणी ओळीत मांडण्याऐवजी त्यांचं घर उभारलं. मागे रंगवलेला डोंगर, पुढे खरं वाळलेलं गवत, खडक, मध्ये पेंढा भरलेला प्राणी, त्याला काचेचे डोळे. १९२६ साली या विभागात लोकांना माहिती सांगायला एक तरुण लागला, त्याचं नाव सलीम अली. शाळेच्या पोरांच्या घोळक्यांपुढे मेलेल्या पक्ष्यांबद्दल बोलायची ती नोकरी. दोनेक वर्षांत तिला कंटाळून, रजा घेऊन ते पक्षिशास्त्र शिकायला बर्लिनला गेले.

नाशिकच्या दोन-तीन पिढ्यांनी वन्यजीव पाहिले ते असे. पंचवटी एक्स्प्रेसने पहाटे निघायचं, म्युझियम, मग राणीचा बाग, डब्यातली पुरी-भाजी बाकावर बसून खायची, संध्याकाळच्या पंचवटीने परत. घरी आल्यावर पोरं सांगायची गेंड्याचं आणि पाणघोड्याचं. घराजवळच्या उसातली उदमांजर कुणी दाखवली नव्हती, मग सांगणार काय?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला आणि संग्रहालयांच्या कपाटांत भर पडणंही जवळपास थांबलं. मृत वाघ-बिबट्याचं कातडं बाळगायलाही मालकीचा दाखला लागू लागला. नैसर्गिक कारणाने किंवा अपघाताने गेलेले प्राणी जतन करायला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात केंद्र आहे, पण तो अपवाद. जुनं आहे ते जपायचं, एवढंच हाती उरलं, आणि तेही टिकेलच असं नाही. दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय एप्रिल २०१६ मधल्या एका रात्री आगीत खाक झालं.

आता परत नाशिककडे, एका बंधाऱ्यावर येऊ. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०७ ते १९११ च्या दरम्यान, नांदूर मध्यमेश्वरचा दगडी बंधारा बांधला गेला. उद्देश सरळ होता, कालव्यांना पाणी. पक्ष्यांचा विचार कुणाच्या मनात असण्याचं कारण नव्हतं. पण बंधारा उथळ, आणि दर पावसाळ्यात नदी वरून गाळ आणून ओतणार. गाळाची बेटं झाली, त्यांवर पाणगवत माजलं, पाणी गुडघा-कंबरेइतकं राहिलं. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने हा बिघाड. बदकांना तर याहून चांगलं काही नको. १९८६ ला अभयारण्य झालं आणि रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आल्याचं २०२० च्या जानेवारीत जाहीर झालं, राज्यातली पहिलीच पाणथळ. सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं, हे तर निफाडात शाळकरी पोरही ऐकवतं. म्युझियमच्या काचेपुढे भाषणं देणारा तोच माणूस.

गाळाच्या पोटात आणखीही काही आहे. याच परिसरात गोदावरीच्या जुन्या थरांत सरळ सुळ्यांच्या प्रचंड हत्तीचे अवशेष मिळाले. जी. ई. पिलग्रिम या भूशास्त्रज्ञांनी त्यांवर १९०५ सालीच लिहिलं. आजच्या हत्तीला पोर म्हणावं असा तो हत्ती. द्राक्षबागांच्या खाली हत्ती! हे सांगितलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

गेल्या जानेवारीत भाचीला घेऊन चापडगावच्या काठावर गेले होते. धुकं, शेकोटीचा वास, मनोऱ्याखाली दुर्बीण लावून उभा असलेला गावातलाच एक गाईड. शाळेतल्या तक्त्यावरची इंग्रजी नावं भाची पाठ करून आली होती. एकही जुळेना.

“ताई, तिला चोच बघायला सांगा,” गाईड म्हणाला. “बुडाशी कुंकू, टोकाला हळद. दिसली का?”

“मावशी, खरंच आहे!” ती दुर्बिणीला चिकटली. हळदी-कुंकू बदक. एकदा पाहिलं की जन्मात चुकणार नाही. मग थापट्या, चोच थापटण्यासारखी पसरट. शेकाट्या, काटक्यांसारख्या लाल पायांचा. आणि पाण्यावर शेकड्यांनी काळे ठिपके, कपाळावर पांढरा टिळा, ते वारकरी. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरी पोचतात, त्याच दिवसांत हे वारकरी इथे दाटीने असतात. माहितीच्या पाटीवर या पक्ष्याचं नुसतं लॅटिन नाव लिहिणाऱ्याने काय गमावलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्याने रानातल्या माणसांकडून अशी नावं टिपून ठेवली, हे मराठीवरचं मोठं ऋण आहे.

संग्रह आता असा जागच्या जागी राहतो. नाशिकजवळच्या बोरगडला २००८ मध्ये राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झालं, स्थानिक निसर्गप्रेमी संस्थेच्या खटपटीने. अंजनेरीच्या माथ्यावर कंदीलपुष्पाची एक जात या शतकाच्या पहिल्याच दशकात शास्त्राला नवी म्हणून नोंदली गेली आणि तिला डोंगराचंच नाव मिळालं. त्याच डोंगराच्या कड्यांत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. जनावरांना टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या ढोरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. हरसूलकडे खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवतात. जटायूचं खरं दर्शन हवं असेल तर टाकेदहून तिकडे वाट वाकडी करावी.

पेठ-सुरगाण्यात अशी दर्शनं पूर्वीपासून आहेत. गावाच्या शिवेवर वाघदेव उभा असतो, लाकडात नाहीतर दगडात कोरलेला, शेंदूर लावलेला, वाघाबरोबर चंद्र-सूर्य आणि नाग. वाघबारशीला गुराखी पोरं तिथे जमतात, त्यांच्यातच एकाला वाघ करून हाकलतात, नैवेद्य शिजवून खातात. मोठ्यांनी पोरांना शेजारच्या जनावराची ओळख करून देण्याची ही रीत गॅझेटियरहून कितीतरी जुनी.

वाघ आता नाही, बिबट्या आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात तो राहतो, तिथेच त्याची पिल्लं होतात. हिवाळ्यात ऊसतोड लागली की सरीत पिल्लं सापडतात, मांजरीएवढी, डोळे निळसर. वनखात्याची माणसं ती तपासून संध्याकाळी त्याच बांधावर ठेवतात, टोमॅटोच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये. लोकांना लांब पाठवतात, झाडाला कॅमेरा बांधतात. रात्री कधीतरी मादी येते, क्रेट पंजाने कलंडवते, मानगूट धरून एकेक पिल्लू उचलते. सकाळी तो फोटो गावच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरतो आणि चहा घेता घेता घरातले सगळे मोबाइलवर वाकतात. काळा-पांढरा फोटो, चमकणारे दोन डोळे, आणि खाली पट्टीत तारीख, वेळ, तापमान.