पिस्तूल खोलण्याआधी चाप का ओढायचा? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कोणते पिस्तूल खोलायला आणि सांभाळायला सोपे, हा विषय निघाला की दोन वेगळ्या कामांची गल्लत होते. गोळीबारानंतर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग), नळी आणि स्प्रिंग सुटी करून पुसणे हे पिस्तूल वापरणाऱ्याचे काम. फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सुई), एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा), चापाची यंत्रणा बाहेर काढणे हे आर्मररचे, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे. बेरेटा ९२ चे उजवीकडचे बटण दाबून डावीकडचा खटका फिरवला की स्लाइड अलगद पुढे सरकून हातात येते. पण फ्रेममधल्या बारीक स्प्रिंगांना सराव नसलेल्याने हात लावू नये. ग्लॉक १७ उलट स्वभावाचे. ते एका साध्या पंचने (पिना ठोकून काढायच्या सळईने) जवळजवळ पूर्ण सुटे होते, वाद आहे तो त्याच्या रोजच्या खोलण्याबद्दल, कारण त्याआधी चाप ओढावा लागतो.

रोज खोलण्याची सवय लागली ती गंजामुळे. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या मसाल्यात) पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळले की मागे क्लोराइडचा क्षार उरे, तो हवेतली ओल ओढून घेई आणि नळी आतून खाल्ली जाई. तेलाने हा क्षार विरघळत नाही. त्याला पाणीच लागते, आणि गरम पाणी बरे, कारण धातू लवकर सुकतो. म्हणून नळी मोकळी करता येणे ही सोय नव्हती, गरज होती.

त्या काळातल्या रचनांनी ही गरज आपापल्या परीने भागवली. १८९६ च्या माउझरमध्ये मुठीचा स्क्रू सोडला तर स्क्रूच नाही, सारे भाग कोड्यासारखे एकमेकांत अडकवलेले. १९११ मध्ये अमेरिकी लष्कराने घेतलेल्या कोल्टमध्ये नळीच्या तोंडाखालची टोपी दाबून धरत बुशिंग (नळीच्या तोंडाभोवतीचे कडे) फिरवावे लागते. अंगठा निसटला की टोपी स्प्रिंगच्या जोराने उडते. पुन्हा जोडताना स्लाइड-स्टॉप (स्लाइड मागे अडकवून ठेवणारा खटका) घाईने दाबला तर फ्रेमवर कमानीसारखा ओरखडा उठतो. वापरलेल्या कित्येक पिस्तुलांवर तो दिसतो. सोव्हिएत टोकारेव्हने घोड्याची सगळी यंत्रणा एकाच ठोकळ्यात बसवली, ती अख्खी उचलून काढता येते. देखभालीच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती आणि तिचे श्रेय तिला क्वचितच मिळते. १९५१ मध्ये स्वीकारलेल्या माकारोव्हला चापाचे कडे खाली ओढून स्लाइड मागे घेत वर उचलली की झाले. ही युक्ती १९२९ च्या वॉल्थर पीपीची.

खरा वाद सुरू होतो १९८० च्या सुमारास. ऑस्ट्रियाच्या लष्कराने नव्या पिस्तुलासाठी ज्या अटी घातल्या, त्यांत देखभालीसाठी अवजाराविना खोलता-जोडता यावे आणि सुटे भाग ५८ हून जास्त नसावेत, असे होते. १९८२ मध्ये निवडल्या गेलेल्या ग्लॉक १७ मध्ये ते जेमतेम ३४ होते. कमी भाग म्हणजे कमी झीज, कमी बदली, आर्मररला कमी डोकेदुखी. पण ग्लॉकचा स्ट्रायकर (घोड्याऐवजी आघात करणारी, स्प्रिंगवरची सुई) चापाच्या पट्टीला अडकून अर्धवट ताणलेला राहतो. ती पकड सुटल्याशिवाय स्लाइड पुढे निघत नाही, आणि पकड सोडवायला चाप ओढावाच लागतो. मग स्लाइड किंचित मागे घ्यायची, दोन्ही बाजूंच्या छोट्या खिट्या खाली ओढायच्या आणि ती पुढे सरकवायची.

यात धोका दडला आहे तो क्रमात. आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढून मग स्लाइड ओढली तर चेंबर (नळीतले गोळीचे घर) रिकामे होते. आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढले तर जुनी गोळी बाहेर पडते, नवी आत जाते, आणि हातातले मॅगझिन पाहून माणसाला वाटते की पिस्तूल रिकामे आहे. त्यानंतर तो खोलण्यासाठी चाप ओढतो. साफसफाईच्या टेबलावर गोळी सुटण्याच्या घटनांमागे बऱ्याचदा हीच साखळी असते.

ग्लॉकच्या बाजूने बोलणारे म्हणतात की चेंबर डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा, मग चाप ओढल्याने काही बिघडत नाही. तत्त्वतः ते बरोबर आहे. पण दमलेला माणूस दिवसाच्या शेवटी जे काम करतो, त्यात एका चुकीला गोळी हे उत्तर नसावे, असे मला ठामपणे वाटते. प्रशिक्षण हवेच, पण रचनेनेही थोडा भार उचलला पाहिजे.

पुढच्या पिढीने तो उचलायला सुरुवात केली. २००५ च्या स्मिथ अँड वेसन एमअँडपीमध्ये स्लाइड मागे अडकवून आतला छोटा पिवळा खटका खाली पाडायचा, म्हणजे चापाला बोट लावायला नको. खटका पाडायची काडीही मुठीतच मिळते. पण चाप ओढूनही ते सुटते, आणि पुष्कळ जण कंटाळून तेच करतात. २०१४ च्या सिग पी३२० ने पर्यायच काढून घेतला: मॅगझिन आत असेल किंवा स्लाइड पुढे असेल, तर खटका फिरतच नाही. म्हणजे योग्य क्रम पिस्तूलच लावून देते. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकी लष्कराने याच घराण्यातले एम१७ निवडले. त्याची चापाची यंत्रणा टोकारेव्हच्या ठोकळ्यासारखी एकसंध निघते, आणि अमेरिकी कायद्याने तोच ठोकळा ‘पिस्तूल’ ठरतो, मूठ आणि स्लाइड नुसते सुटे भाग.

सोपेपणाच्या या चढाओढीत सर्वांत उशिरा पोचले ते रुगरचे .२२ कॅलिबरचे पिस्तूल. १९४९ पासून ते जोडताना घोड्यामागची दांडी नेमक्या जागी पडावी म्हणून पिस्तूल उलटसुलट धरावे लागे, आणि पहिल्या प्रयत्नात ते क्वचितच जमे. २०१६ च्या मार्क ४ मध्ये मागचे एक बटण दाबले की वरचा भाग बिजागरीवर उलटतो. चाप ओढायचा नाही, सेफ्टी लावूनच खोलायचे. पुढच्याच वर्षी ही पिस्तुले परत मागवावी लागली, कारण सेफ्टी दोन खुणांच्या अधेमधे असताना चाप ओढला गेला, तर ती नंतर हलवताना गोळी सुटू शकत होती.